चिरंजीवांच्या पायाची पाहणी

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी, म्हणजे दोन्ही चरणी, धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. (‘दोन्ही’वर एवढा जोर का, ते पुढे कळेल. आत्ताच चष्मा शोधायला धावू नका. कोणाचाही पाय गेलेला नाही. निदान कायमचा गेलेला नाही.)

इकडे सगळे खुशाल. माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांना दिसेनासं व्हायचं काही थांबलेलं नाही. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, नाहीतर तुम्ही “उत्तम” एवढंच लिहिणार हे मला ठाऊक आहे. ताई माझ्याकडे आल्यापासून तुम्ही स्वतःच्या हातचं जेवताय, तेव्हा पोटाची चौकशी मात्र अगदी मनापासून करतो.

तर तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच तो: “चिरंजीव जहाजावर नेमकं काय करतात, याची समक्ष पाहणी करून कळवा. विशेषणं टाळा.” भाऊजी, विमा कंपनीतून निवृत्त झालात, पण कंपनी काही तुमच्यातून निवृत्त झालेली दिसत नाही. आयुष्यभर लोकांच्या दुखापती खऱ्या की खोट्या हे तपासलंत, त्यामुळे आता कोणी शिंकलं तरी तुम्हाला पुरावा लागतो. पोराने तुम्हीच चिकटवून दिलेली कंपनीतली नोकरी सोडली आणि तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी एक अक्षर बोललेला नाहीत. फोन आला की “घे, तुझा आहे” म्हणून ताईच्या हातात देता, जसा काही त्यातून विंचू निघणार आहे. आणि आता पाहणी हवी! जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण ही पाहणी चांगली निघाली तर तुम्ही पोराशी बोलाल, असं ताईने डोक्यात घेतलंय आणि ते ती मला रोज सकाळी चहाबरोबर पाजत होती. शेवटी दुकान बंद ठेवून गेलो.

आता तुम्ही विचाराल (विचारालच) की पोरगा माझ्याच गावात राहतो, सुट्टीच्या दिवशी माझ्याच घरी जेवतो, मग तो काय करतो हे मला आधी कसं कळलं नाही. त्याने सांगितलं होतं, “मामा, मी जहाजावर आहे.” मी म्हटलं, वा! जहाजावर असलेला माणूस दर आठवड्याला जेवायला कसा हजर होतो, ही शंका मला आली नाही, हे कबूल. पण जेवायला आलेल्या माणसाची उलटतपासणी घेणं आमच्या घराण्यात नाही. ते तुमच्याकडे.

जहाज बंदराच्या मागच्या रस्त्याला आहे, टायरच्या गोदामाशेजारी. हो, रस्त्याला. ते पाण्यात नाही, कधी नव्हतं आणि कधी जाणारही नाही, कारण त्याचा तळ सिमेंटचा आहे. जुन्या काळच्या एका लढाऊ जहाजाची हुबेहूब प्रतिकृती आहे म्हणे, आणि तिच्या पोटात समुद्रसफरींचं संग्रहालय. हुबेहूब म्हणजे किती, तर मधल्या मोठ्या डोलकाठीत लिफ्ट बसवलेली आहे. ताईने मात्र जहाज पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या हातात स्वेटर होता, मफलर होता आणि चार माणसांना पुरेल एवढा स्टीलचा डबा होता, कारण समुद्रावर पोराच्या पोटाचे हाल होत असणार. मी म्हटलं, “अगं ताई, हे हलत नाही.” ती म्हणाली, “तू गप्प बस, तुला बोटीतलं काय कळतंय!”

आत शिरलो आणि पहिल्याच तुळईवर माझं डोकं आपटलं. (जुन्या काळचे खलाशी बुटके होते, असं तिथे एका पाटीवर लिहिलंय. ती पाटी तुळईच्या पलीकडे लावली आहे.) आत जिकडेतिकडे मेणाचे खलाशी उभे. कोणी दोर ओढतोय, कोणी तोफ पुसतोय, कोणी नुसताच शून्यात बघतोय. ताईने त्यातल्या एका दाढीवाल्याला गाठलं आणि पोराचं नाव सांगून तो कुठे भेटेल ते विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग मला म्हणाली, “काय उर्मट माणसं ठेवलीयत! एवढी म्हातारी बाई विचारतेय, मान तरी हलवेल.” तो मेणाचा आहे हे मी तिला सांगेपर्यंत तिने त्याला चांगलं सुनावलं होतं आणि मागे उभ्या असलेल्या शाळेच्या सहलीने ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

खालच्या मजल्यावर आणखी गंमत. तिथे जमिनीखाली यंत्र बसवलंय, त्यामुळे अख्खी खोली डुलते. लाउडस्पीकरमधून लाटा आपटतात आणि कुठूनतरी खारट, कुबट वासाचा फवारा सुटतो. भाऊजी, मी सिमेंटवर उभा होतो, खिडकीतून मला टायरचं गोदाम स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही मला बोट लागली. अगदी साग्रसंगीत लागली. मी एका पिंपाला मिठी मारून उभा राहिलो. तिथल्या मार्गदर्शक मुलीने मला प्रेमाने सांगितलं की यंत्र आज मुद्दाम कमी वेगावर ठेवलंय. ताईला मात्र काहीही झालं नाही. तुमच्याबरोबर इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला काय हलणार! (हे वाक्य विशेषण नाही, तेव्हा खोडू नका.)

आणि मग ती किंकाळी ऐकू आली.

पुढचं वाक्य जरा बसून वाचा. जहाजाच्या तळाशी वैद्याची खोली आहे आणि तिथे दर तासाला खेळ होतो. लढाईत एका खलाशाच्या पायावर तोफ पडते, वैद्य करवतीने पाय कापतो, खलाशी तळमळतो आणि मरतो. हा खलाशी म्हणजे आपले चिरंजीव. भाऊजी, नाव चिरंजीव आणि दर तासाला मरतात! जेवणाच्या सुट्टीत तेवढे जिवंत असतात. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या खोट्या दुखापती पकडल्या, त्याच्या मुलाने खोटी दुखापत हाच धंदा पत्करावा, यावर मी हसणार होतो. खरंच हसणार होतो, तयारीही केली होती. पण गर्दीच्या मागून मी त्याला टेबलावर पाहिलं आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं. पोरगा ओरडत होता, पण लोकांकडे बघत नव्हता. तो वर छताच्या फळ्यांकडे बघत होता, जणू तिथे कोणीतरी आहे आणि त्याने हे बघू नये.

मी हे एवढं टिपतोय तोवर ताई प्रेक्षकांपुढे बांधलेला दोरखंड ओलांडून आत गेली होती. या वयात तिचा पाय इतका वर उचलला जातो हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसणार. “सोड माझ्या लेकराला, मेल्या!” एवढंच ऐकू आलं, आणि पाठोपाठ स्टीलच्या डब्याचा आवाज. वैद्य आडवा. (हा वैद्य एरवी केस कापण्याचं दुकान चालवतो. हातात हत्यार धरायची सवय आहे म्हणून त्याला घेतलंय. स्वभावाने गरीब आहे. मफलर शेवटी त्याच्याच डोक्याला बांधला.) चिरंजीव त्या वेळी नुकतेच मेले होते. ते उठून बसले आणि म्हणाले, “आई, अगं खेळ चालू आहे!” ताई म्हणाली, “खेळ काय, रक्त येतंय तुला!” आणि तिने त्याचा कापलेला पाय उचलला. तो रबराचा निघाला. ताई त्या पायाकडे बघते, पोराकडे बघते, पुन्हा पायाकडे बघते, आणि मग मटकन खाली बसून अशी रडायला लागली की टाळ्या वाजवणारे लोक हळूहळू गप्प झाले. शेवटी मार्गदर्शक मुलीनेच स्वतःचे डोळे पुसले आणि लोकांना बाहेर जायचा रस्ता दाखवला.

नंतर आम्हाला व्यवस्थापक बाईंच्या खोलीत नेलं. मला वाटलं आता पोराची नोकरी गेली. ताईला तेच वाटत होतं, म्हणून ती न्हाव्याला बळेबळे भरवत होती. चिरंजीव लाल रंगाने माखलेल्या विजारीत कोपऱ्यात उभे होते. टेबलाला भोक आहे, खरा पाय त्यातून खाली सोडतात, हे त्यांनी आम्हाला समजावून दिलं. यावर ताईचा पहिला प्रश्न, “मग खालून गार वारा नाही का रे लागत?” आणि स्वेटर पायाला गुंडाळायला दिला.

मी त्याला विचारलं, “बाबा रे, हे असलं तू शिकलास कुठे?” तो म्हणाला, “बाबांकडून.” भाऊजी, मला वाटलं टोमणा मारतोय. पण नाही. म्हणाला, रात्री जेवताना बाबा कंपनीतल्या गोष्टी सांगायचे आणि मध्येच ताटावरून उठून चालून दाखवायचे, हा खोटा लंगडा, हा खरा लंगडा. खोटा दुसऱ्यांकडे बघत चालतो, खरा जमिनीकडे. ज्याला खरंच दुखतं तो ते लपवायला बघतो. “मी हसून हसून लोळायचो, मामा. त्या एका गोष्टीवर माझं इथलं सगळं काम उभं आहे.” मग जरा थांबून ताईला म्हणाला, “आई, बाबांचा गुडघा डॉक्टरला दाखवलात का? मी घर सोडलं तेव्हाच ते जमिनीकडे बघून चालायला लागले होते.”

मला तर तुमच्या गुडघ्याचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही स्वतःचा दावा कधी दाखल केला नाहीत आणि कोणाला कळू दिलं नाहीत, पण ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही त्याने तो केव्हाच मंजूर केलाय. हे लिहिताना मला राग येतोय तुमचा, भाऊजी. वयाने मोठे आहात म्हणून गप्प बसतो, पण राग येतोय, हे नोंदवून ठेवा.

असो. पाहणीचा निष्कर्ष असा, आणि विशेषणांशिवाय: पाय रबराचा आहे. रक्त खोटं आहे. जहाज जहाज नाही. बाकी जे काही त्या टेबलावर होतं ते तुमच्या बायकोला खरं वाटलं, आणि तुमच्याबरोबर एवढी वर्षं जेवल्यावर खोटं तिला चटकन कळतं. माझं मत विचाराल तर मला उलटी होत होती, त्यामुळे माझी साक्ष धरू नका.

आमच्या हिने नमस्कार सांगितलाय आणि गुडघ्याला शेक घ्यायला सांगितलंय. पत्र लांबलं, राग मानू नका. मानलात तरी आता टाकून झालंय.

आपला,
पिंपाला मिठी मारलेला मेहुणा

ता. क. ताई ठरल्याप्रमाणे या आठवड्यात परत येत नाही. पोराची नोकरी गेली नाही, उलट व्यवस्थापक बाईंनी ताईलाच ठेवून घेतलंय. त्या दिवशीचे प्रेक्षक बाहेर जाऊन काय बोलले कोण जाणे, दुसऱ्या दिवशी लोक तिकीट काढताना विचारायला लागले, आई येणार आहे का? आता दुपारच्या खेळांना ताई दोरखंड ओलांडते. डबा रिकामा असतो आणि न्हावी टोपीखाली उशी घालतो. ताई म्हणते, रडायला काही वेगळं करावं लागत नाही, तो मेला की येतं. (लढाऊ जहाजावर आई कुठून आली, हा प्रश्न आजवर कोणालाही पडलेला नाही. तो तुम्हालाच पडणार, म्हणून आधीच लिहितो: मलाही माहीत नाही.)

ता. क. २. आता खरं काम. या खेळात कप्तानाची भूमिका करणारा माणूस होता, त्याला कुठल्याशा कचेरीत पक्की नोकरी लागली आणि तो सोडून गेला. तेव्हा कप्तान पाहिजे. वय उतरतं, चेहरा कडक. खलाशाच्या उशाशी ताठ उभं राहायचं आणि सबंध खेळात एक अक्षर बोलायचं नाही. व्यवस्थापक बाई असा माणूस कुठे मिळेल म्हणून डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मी तुमचं नाव देऊन टाकलं. चिरंजीवांना विचारूनच दिलं. तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागणार नाही, त्याबद्दल निर्धास्त असा. फक्त करवत चालू झाली की कप्तानाने खलाशाचा हात हातात घ्यायचा असतो आणि तो मरेपर्यंत धरून ठेवायचा असतो. आधीच्या कप्तानाला सोडायची घाई असायची. चिरंजीव म्हणाले, “बाबा येणार असतील तर सांग मामा, मी सावकाश मरेन.”