चिमट्याने खाल्लेल्या मनुका

२ जून, सकाळ
डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. आधी शुगर आटोक्यात आणा म्हणे. मेहुण्यालाही तेच सांगितलं. दोघांना डायबिटीस, दोघांना मोतीबिंदू, दोघं एकाच घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. या माणसाला स्वतःचं असं काही सुचतच नाही.

बायकोने निकाल दिला (दुकान तिच्या वडिलांचं). ज्याचा डोळा आधी सुधारेल तो खिडकीजवळ बसून आतलं बारीक काम करणार, दुसऱ्याने काउंटरवर पट्टे बदलायचे. खिडकीजवळ पहिल्यापासून मीच बसतो. पट्टे मेहुणाच बदलेल.

संकल्प : साखर बंद. भूक लागली तर फक्त सुकामेवा.

३ जून
डाएटवाल्या बाईंकडे गेलो. कालची पोर. म्हणाली, फळ वाळलं की पाणी उडतं, साखर आहे तेवढीच राहते. म्हणून मनुका दोन छोटे चमचे, मोजून. सोबत चार बदाम. आणि तेवढं जेवण कमी करायचं. मेहुणा मान डोलावत सगळं लिहून घेत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

६ जून
घरातला छोटा चमचा सापडेना. वाढायचा घेतला. बदाम मेहुण्याच्या डबीतले. तो स्वतः दोन जर्दाळू तासभर चघळत बसतो. याला जगणं म्हणत असतील तर कठीण आहे.

जेवण कमी केलं नाही. सगळं एकदम सोडू नये.

९ जून, संध्याकाळ
शुगर तपासली. तीनशे चाळीस. बायकोने विचारलं, हात धुतले होते का? बोटाला मनुकांचा चिकटा होता खरा. हात धुऊन पुन्हा टोचलं : दोनशे दहा.

म्हणजे एकशे तीस साखर रक्ताची नव्हतीच, बोटाची होती! डॉक्टर लोक उगाच रक्ताला बदनाम करतात. उरलेली दोनशे दहा त्या यंत्राची असणार. स्वस्तातलं आहे.

संकल्प : मनुकांना हात लावायचा नाही.

१० जून
चमचा घरीच राहिला. कामाचा चिमटा हाताशी होता, त्यानेच एकेक मनुका उचलली. बोटं कोरडी ठणठणीत. मेहुणा बघत राहिला. आयुष्यात असली युक्ती सुचली नसेल.

८ जुलै
अंजीर चिमट्यात मावत नाही. अर्धं केलं. अर्ध्याला कोण मोजतं? दुसरं अर्धंही मोजलं नाही.

निवृत्त मास्तर घड्याळ परत घेऊन आले. परवाच साफ करून दिलेलं, बंद पडलं. मनगटावर नीट बांधत नसाल म्हटलं. मास्तरकी केली म्हणून घड्याळ कळतं असं नाही.

२ ऑगस्ट
आणखी तीन घड्याळं परत. हल्ली काही म्हणून टिकाऊ बनवत नाहीत.

४ सप्टेंबर
ऑपरेशनआधीची तपासणी. कालपासून उपाशी. तयारी पक्की. रक्त दंडातून घेतलं, बोटाचा संबंधच नाही. मेहुण्याची कीव आली.

६ सप्टेंबर
ती तपासणी तीन महिन्यांची सरासरी दाखवते म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं? माझी नऊ पूर्णांक आठ. मेहुण्याची सहा पूर्णांक नऊ. त्याला तारीख मिळाली. वशिला, दुसरं काय.

२७ सप्टेंबर
ऑपरेशन होऊन मेहुणा आजपासून खिडकीजवळ. पहिलंच काम मास्तरांचं घड्याळ, अजून बंदच. ते समोर उभे. मेहुण्याने झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं. मनुकेचा देठ. चाकं चिकटून बसलेली. हळूच म्हणाला, "भावोजी, घड्याळांनाही लावलीत की शुगर."

मास्तर हसले नाहीत. मी भिंग लावून वाकलो. धुकं. देठ दिसला नाही. चाकंही दिसली नाहीत. दिसलं म्हणालो. घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, फार घाबरलो.

दुपारी मास्तरांचा पट्टा मी बदलला. उलटा लागला. मेहुण्याने सरळ केला आणि माझ्यापुढे बशी सरकवली. दोन छोटे चमचे मनुका, चार बदाम, असं म्हणाला. मी मोजले. तीनच. चोर लेकाचा. तसं तोंडावर सुनावलंही.

त्याने माझं बोट धरून चौथ्या बदामावर ठेवलं.