रेश्माचं मॅच झालं तेव्हापासून

४ ऑगस्ट, सोमवार

कॅन्टीनमध्ये होते. रेश्माचा फोन. आधी नुसताच श्वास. मग, "प्रज्ञा, माझं मॅच झालंय."

मला वाटलं लग्नाचं. वर्सोव्याच्या मुलाकडचे परवाच बघून गेलेत. "अगं ते नाही गं! रक्ताचं. फेब्रुवारीतल्या कॅम्पचं."

ब्लड कॅन्सरचा कोणीतरी पेशंट. बाई की पुरुष, मूल की म्हातारा, काही सांगत नाहीत. जगात कुठेही असू शकतो. त्याला स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, हव्यात आणि रेश्माच्या जुळतात. माहीम कोळीवाड्यातली आमची रेश्मा!

कॅम्प कॉलेजातल्या ऑनर सोसायटीचा (निवडक मुलांची, देशोदेशी शाखा असलेली संस्था), म्हणजे खरं तर माझाच. अध्यक्ष मी, कल्पना माझी, स्टेजवर घसा फोडून बोलणारी मी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, दोन मिनिटं, झालं. काय रांग लागली होती. बहुतेकांना जन्मात कधी फोन येत नाही असं देणाऱ्यांची नावं नोंदवणारे रजिस्ट्रीवाले तेव्हाच म्हणाले होते.

दिवसभर लेक्चरमध्ये लक्ष नाही. घरी आईबाबांना सांगितलं. बाबांनी उठून हात मिळवला माझ्याशी. जसं काही मीच देणार आहे.

५ ऑगस्ट

देवधर मॅडमना सांगितलं. सोसायटीचं सगळं त्याच बघतात, त्यांना सांगायलाच हवं होतं. मिठी मारली त्यांनी. "कळतंय का तुला हे केवढं आहे? डिसेंबरात मनिलाच्या अधिवेशनात सगळ्या देशांच्या शाखा आपल्याकडे बघत बसतील. तू बोलायचंस."

माझा पासपोर्ट गेल्याच महिन्यात आलाय. आमच्या चाळीतल्या मजल्यावरचा पहिला.

कोणाला सांगू नका म्हणाले का मी? म्हणायचं मनात होतं.

७ ऑगस्ट

मॅडमनी ग्रुपवर रेश्माचा फोटो टाकला. आमच्या ग्रुपवर आणि सगळ्या देशांच्या ग्रुपवरही. नैरोबीहून, लिमाहून बदाम येतायत. कॉरिडॉरमध्ये टाळ्या वाजवल्या मुलांनी. रेश्मा हसत होती.

बाथरूममध्ये गाठून म्हणाली, "घरी अजून बोलले नव्हते गं. मी हो पण म्हटलं नव्हतं रजिस्ट्रीवाल्यांना. विचार करून सांगते म्हटलं होतं."

"मॅडमना तो काढून टाकायला सांगते," मी म्हणाले. सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आता काढलं तर लोक विचारतील का काढलं."

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

व्हायचं ते झालं. रेश्माच्या चुलतभावाने सणाच्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तिच्या आईला फोनवर तो फोटो दाखवला. सगळ्या काक्या, मावश्या समोर.

संध्याकाळी रेश्माचा फोन. "आय ओरडली नाही गं. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतलान."

१२ ऑगस्ट

माहीमला गेले. कोणी जा म्हणालं नव्हतं.

रेश्माची आई बाजारातून नुकतीच आलेली. मासळीची पाटी धुवून उलटी घातलेली, हात पुसत बसली. मला बस म्हणाली नाही, मीच बसले.

"तूच ना ती अध्यक्षीण?"

"हो, मावशी."

मी समजावायला लागले. पाठीच्या मणक्यातून काढत नाहीत, हातातून काढतात. मशीन असतं. घेतलेल्या पेशी शरीर परत तयार करतं. लग्नाला, मुलंबाळं व्हायला काही अडचण नाही. नीट, हळू, सगळं सांगितलं. मला वाटलं चांगलं सांगतेय.

तिने सगळं ऐकून घेतलं. "गोड बोलतंस गो. स्टेजवर पन असाच बोललीस ना?"

"मावशी, मीपण नाव नोंदवलंय. माझं जुळलं असतं तर मी..."

"नाव दिलास. आंग नाय दिलास."

रेश्मा दारात उभी. तिचे वडील आत जाळं विणत होते. चहा आला. चहा देऊनच पाठवलं मला. ते जास्त लागलं.

१३ ऑगस्ट

आईला विचारलं, "मला फोन आला असता तर?"

ती मुलांचे पेपर तपासत होती. शाळेत तिसरीचा वर्ग आहे तिच्याकडे. लाल पेन थांबलं. "नको म्हटलं असतं."

"तू?"

"मीच. सभेत गेले असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. घरात नको म्हटलं असतं."

बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, आम्ही चौदा एप्रिलला रक्तदानाची शिबिरं घ्यायचो, माणूस नाही म्हणाला की त्याच्या दारावरून पुढे जायचो. त्याचं नाव फळ्यावर लिहीत नव्हतो.



२२ ऑगस्ट

रजिस्ट्रीच्या नीलमताईंना भेटले. परळला, त्यांच्या ऑफिसात. देणाऱ्यांशी बोलणं, त्यांना धीर देणं हे त्यांचं काम. मला वाटलं त्या म्हणतील तिला तयार करा. पहिलाच प्रश्न, "तुम्ही तिच्या कोण?"

"मैत्रीण. आणि सोसायटीची अध्यक्ष."

"दोन्ही एकदम जमणार नाही. एक ठरवा."

मग म्हणाल्या, रेश्मा कधीही नाही म्हणू शकते. अगदी शेवटच्या दिवशीही. फक्त एक आहे. तारखेच्या आधी काही दिवस पेशंटला जबर औषधं देऊन त्याचं स्वतःचं रक्त तयार होणंच बंद करतात. त्यानंतर ती नाही म्हणाली तर त्याच्याकडे स्वतःचंही काही उरलेलं नसतं.

"हे रेश्माला माहीत आहे?"

"पहिल्याच भेटीत सांगितलं मी. तुम्ही सांगितलं होतं का, कॅम्पमध्ये?"

नाही. दोन मिनिटं, काडी, जीव वाचेल. एवढंच.

चिंचपोकळीपर्यंत चालत आले. मंडपांची कामं सुरू आहेत, बांबू आडवे पडलेत, वाट काढत काढत.

५ सप्टेंबर

रेश्माच्या सगळ्या टेस्ट बऱ्या आल्या. लालबागच्या गर्दीत ती मला भेटली, बोलणं धड ऐकू येईना. कानाशी येऊन म्हणाली, "करतेय मी."

"माझ्यासाठी नको करूस."

"तुझ्यासाठी कोण करतंय? डोकं फिरलंय का तुझं?" हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग म्हणाली, तिला सारखं वाटतं की तो पेशंट म्हणजे लहान मुलगी असेल. का तसं वाटतं माहीत नाही. आजोबा पण असू शकतात, तिला कळतं. पण वाटतं.

२५ सप्टेंबर

तारीख ठरली. दहा ऑक्टोबर. आधी रक्तातल्या पेशी वाढवायला रोज एक इंजेक्शन.

तिची आई तिच्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि उठून जाते. साखरपुडा दिवाळीनंतर धरलाय. मुलाकडच्यांना अजून माहीत नाही आणि तिच्या घरात सगळ्यांना तीच धास्ती.

इंजेक्शनच्या दिवसांत रेश्मा आमच्याकडे राहणार. परळ जवळ पडतं हे कारण. आईने काही न विचारता बाबांची गादी बाहेरच्या खोलीत हलवली.

६ ऑक्टोबर

पहिलं इंजेक्शन. नर्स घरी आली. दंडात दिलं, दोन मिनिटांचं काम. (दोन मिनिटं हा शब्द आता नको वाटतो.)

नीलमताईंचा मेसेज रेश्माला: पेशंटची औषधं सुरू झाली आहेत. तो वाचून फोन उलटा ठेवला तिने.

७ ऑक्टोबर

पाठ आणि मांड्या ठणकतायत तिच्या. हाडं आतून कोणी दाबतंय असं म्हणते. हे होणार असं सांगितलं होतं. सांगितलेलं असलं म्हणून दुखायचं थांबत नाही. आईने गरम पाण्याची पिशवी दिली, मऊ भात केला. रेश्मा म्हणाली, "सुकं नाही का काही?" आईने धावत जाऊन जवळा आणला.

मॅडमचा फोन: मशीनवर असतानाचा एक फोटो मिळेल ना? फोन ठेवून दिला.

८ ऑक्टोबर

हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी मला सोयीचं आठवीन.

दुपारी रेश्माच्या वडिलांचा फोन आला. तिची आई दोन दिवस जेवली नाही. मुलाकडे कुणीतरी कळवलंय, ते विचारणा करतायत. वडील रागावले नव्हते. फक्त म्हणाले, "बाय, तू बघ काय ते."

फोन ठेवून ती गादीवर भिंतीला टेकून बसली. अंग दुखतच होतं. घरात आम्ही दोघीच.

"प्रज्ञा, मी अजून नाही म्हणू शकते ना?"

बोलायचं सगळं तयार होतं. त्या पेशंटकडे आता काही नाही. तू नाही म्हणालीस तर तो मरेल. मुलगी असेल असं तूच म्हणालीस. मला सगळं बोलता आलं असतं, आणि चांगलं बोलता आलं असतं. तेच तर येतं मला.

"हो. म्हणू शकतेस."

"बस? एवढंच?"

"हो."

"मग तू म्हण ना जा म्हणून! फेब्रुवारीत कशी ओरडत होतीस माईकवरून!"

"नाही म्हणणार."

"का?"

"उद्या काही झालं तर तुला वाटायला नको की मी ढकललं. आणि नाही गेलीस, तरी तू माझी मैत्रीणच." शेवटचं म्हटलं मी. पण ते खरं राहील का, ते मला माहीत नव्हतं.

ती रडली. मग तिला राग आला आणि उशी फेकली तिने माझ्यावर. नर्सची वेळ झाली. बेल वाजली. मी उठले नाही. ठरवून उठले नाही. बेल परत वाजली.

रेश्मा भिंत धरत उठली आणि दार उघडलं.

९ ऑक्टोबर

आई शाळेतून वेळेवर आली नाही. नंतर कळलं, माहीमला जाऊन आली. मला न सांगता.

"काय बोललीस त्यांच्याशी?"

"आम्ही दोघी आया. तुला काय करायचंय."

पिशवीत बोंबील होते, ताजे. विकत घेतले की त्यांनी दिले, ते पण सांगेना.

१० ऑक्टोबर

झालं.

परळचं हॉस्पिटल. दोन्ही हातांत सुया, मशीन फिरतंय, हलता येत नाही. नाक खाजलं तरी मी खाजवायचं. तिला गाणी लावून दिली, ती म्हणाली बंद कर, तुझं लायब्ररीतलं कोणाचं तरी भांडण सांग. सांगितलं.

बाहेर आले तर बाकावर तिची आई. कधी आली कोण जाणे. नेसूचं चांगलं होतं, केसांत फुलं नव्हती. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर बसले.

शेवटी एक माणूस निळी पेटी घेऊन निघाला. नीलमताई म्हणाल्या त्यातच आहेत पेशी. रेश्माची आई उठून उभी राहिली.

"कुठं नेतात?"

"सांगता येत नाही, मावशी."

"लांब?"

"लांब असेल."

ती दोन पावलं त्या माणसाच्या मागे गेली. "सांभालून ने रे बाबा." तो थांबला, मान हलवली, गेला.

मग आत जाऊन तिने रेश्माच्या कपाळावरून हात फिरवला आणि तिथेच तिला झापायला लागली, किती वाळलीस म्हणून. मी बाहेरच थांबले.

१४ ऑक्टोबर

मॅडमकडे गेले. रेश्माचं नाव, फोटो, कोळीवाडा, काहीही मनिलात नको, असं रेश्माने सांगितलंय आणि मीही सांगतेय. मॅडम म्हणाल्या, "मग तू तिथे बोलणार काय?"

"कॅम्पमध्ये काय चुकलं ते."

"प्रज्ञा, नेतृत्वाच्या परिषदेत कोणी चुका सांगायला जातं का?"

त्या वाईट नाहीत. मी पहिल्या वर्षाला असताना फी भरायला वेळ मागायला त्याच माझ्याबरोबर ऑफिसात आल्या होत्या. म्हणून भांडता पण येत नाही नीट. उपाध्यक्ष कौस्तुभला पाठवायचं म्हणतायत. बाबांना सांगितलं. पासपोर्ट कुठे जात नाही, म्हणाले. पण पडलेला चेहरा दिसलाच.

२ नोव्हेंबर, रविवार

रेश्माचा फोन, बरंच बोलली.

काल वर्सोव्याचे आले होते. मुलाची आत्या म्हणाली, पोरगी धडधाकट आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या, मग पुढचं बोलू. रेश्मा काही म्हणणार तोच तिची आई म्हणाली, "आमी आनतो. तुमचे पोराचा पन आना." मग म्हणाली, "माझे पोरीनं काय चोरी केली नाय." ते चहा पिऊन गेले. कळवतो म्हणाले. मुलगा जाताना रेश्माकडे बघून थोडा हसला असं तिला वाटलं. नक्की नाही.

मावशी माझ्याशी अजून बोलत नाहीत. फोन माझा आहे कळलं की उठून जातात.

पेशंटचं विचारलं. नीलमताईंनाही अजून काही सांगता येत नाही, पेशी पेशंटच्या अंगात रुजल्या की नाही ते कळायला महिने जातील. कदाचित कळणारही नाही.

"घरी कसं आहे?"

"बरं आहे. फोन वाजला की आय आणि मी एकदम बघतो."

"आय कोणत्या फोनची वाट बघते? वर्सोव्याच्या की नीलमताईंच्या?"



"विचारलं नाही गं," म्हणाली.