रिकाम्या फेरीचं भाडं

सोमवार, ३ मार्च

आज गाडी ताब्यात मिळाली. मागे लांबलचक सपाट ट्रेलर, ना बाजू ना छप्पर. माल वर ठेवायचा, ताडपत्री घालायची, पट्ट्यांनी आवळायचा आणि निघायचं. केबिन आधी साबणाच्या पाण्यानं धुतली. गादीखाली विड्यांची इतकी थोटकं निघाली, की आधीचा ड्रायव्हर इथे राहत होता की धुमसत होता, असं वाटलं. मालकांनी चावी देताना विचारलं, की हे स्टिअरिंग आहे, लाटणं नव्हे, जमेल ना? मी म्हटलं, लाटणं जमलं नाही म्हणूनच इकडे आले. सगळं ऑफिस हसलं. हिशेबनीससुद्धा, आणि तो म्हणे पगाराच्या दिवशीही हसत नाही.

शाळेत मी उशिरा गेले. त्याआधी बाबांच्या ट्रकची केबिन हीच माझी शाळा. रस्त्यावरच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, आईकडून बेरीज-वजाबाकी. आता बाबांची पाठ कामातून गेली आहे. तरी परवा पुन्हा गाडीवर जायचं म्हणत होते. माझा पगार नीट सुरू झाला, तर ते घरी बसतील. मी त्यासाठीच आले आहे. खूप बरं वाटतंय आज.

रविवार, ९ मार्च

पहिली फेरी झाली. लोखंडी खांब होते. दर थांब्यावर उतरून पट्टे पुन्हा आवळले. बाबा सांगतात, आपल्या डोळ्यांवरही एकदाच विश्वास ठेवू नये.

पण राग आलाय. भरायच्या रांगेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी होते, त्याचा पैसा नाही. वाऱ्यात ताडपत्री ओढता ओढता नखं तुटली, त्याचा पैसा नाही. परतीची फेरी रिकामी, म्हणून तिचाही नाही. हिशेबनीसाला विचारलं, तर म्हणाला, ताई, मालाला भाडं असतं, माणसाला नसतं. फार मोठा शोध लावल्यासारखा चेहरा होता त्याचा.

येताना एक गोष्ट विचित्र वाटली. रिकामी गाडी चढाला भरल्यासारखी रडत होती.

शनिवार, १५ मार्च

पगार कापला! रिकाम्या फेरीत डिझेल जास्त जाळलं म्हणे. विकलं असेल कुठेतरी, असं मालक सगळ्यांदेखत म्हणाले. मी! रस्त्यात सापडलेला पानासुद्धा टोलनाक्यावर जमा करून येणारी मी. कान तापले. बाहेर येऊन चाकाला लाथ मारली, तर पायच दुखावला.

मग खाली वाकून पाहिलं. ट्रेलरवर काही नव्हतं आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पूर्ण दबलेले होते. भरल्या गाडीचे दबतात तसे.

मिस्त्रींना दाखवलं. सगळे त्यांना वंगणकाका म्हणतात. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मंगळवार, १८ मार्च

परतीच्या वाटेवर स्वतःच्या खिशातून पैसे भरून गाडी वजनकाट्यावर घेतली. काटेवाल्यानं आकडा वाचला, मोकळ्या फळ्यांकडे पाहिलं, ट्रेलरखाली डोकावून आला आणि विचारलं, की बाई, लपवलंय काय? पावती मालकांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती उलटी करून ठेवली.

वंगणकाकांनी मला बाजूला घेऊन शेवटी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी या ट्रेलरवर एक बंद पेटी होती. जिथे पाठवली, तिथल्यांनी घेतली नाही. परत आणायचं भाडं मालक देईनात. तेव्हाच्या ड्रायव्हरनं चिडून ती वाटेत ढकलून दिली. काका म्हणाले, पोरी, माल उतरला, वजन उतरलं नाही. तुझ्या आधीचे सगळे मुकाट्यानं डिझेलचे पैसे भरायचे आणि कंटाळून सोडून जायचे. तूही रिकामीला रिकामीच म्हण.

का म्हणू? ओझं मी ओढायचं, वर चोर ठरायचं? वजन आहे तर तो माल आहे. माल आहे तर भाडं द्या.

शुक्रवार, २१ मार्च

जिंकले. मालक भाडं द्यायला तयार झाले, मागच्या फेऱ्यांचंही. इतक्या लगेच हो म्हणतील असं वाटलं नव्हतं. हिशेबनीसानं चहाही दिला. म्हणाला, फक्त बिल्टी, म्हणजे मालाची पावती, बनवावी लागेल, माल म्हटला की घेणारा लागतो. कुणाचंही नाव टाका, ताई, कोण बघतंय.

कुणाचंही कसं टाकायचं? खोटा पत्ता मी लिहिणार नाही. मालकांनी पेन पुढे केलं, मला घाई करत राहिले. रागाच्या भरात मला खात्रीनं माहीत असलेला एकच पत्ता लिहिला. आमच्या घराचा. घ्या म्हटलं, हा तरी खरा आहे.

काका दारातून पाहत होते. हातातला पाना ठेवून निघून गेले.

रविवार, २३ मार्च

भर दुपार. परतीच्या वाटेवर गाडी बाजूला लावली आहे.

बिल्टी झाली, म्हणजे माल बांधायलाच हवा. बांधला नाही तर गुन्हा. म्हणून मूर्खासारखे पट्टे रिकाम्या फळ्यांवरून पलीकडे फेकले. ते फळ्यांवर पडले नाहीत. माझ्या छातीच्या उंचीवर अडकले. खाली काही नाही. पलीकडचं शेत दिसतंय. पट्टे मात्र हवेत, कोपऱ्याशी वळलेले, पेटीवर असावेत तसे.

मी ते आवळले. हात आपोआप आवळत गेले. आतून कुणीतरी पट्टा ओढून—

नाही. वारा असेल.

मंगळवार, २५ मार्च

मालकांना फोन केला. पैसे परत घ्या, बिल्टी फाडा. ते हसत म्हणाले, भाडं कोणी मागितलं होतं? आता पोहोचवा. इतकी वर्षं कुणी घेत नव्हतं ते, मी वाट बघत होतो एका प्रामाणिक माणसाची.

शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्या बाबांच्या केबिनमध्ये शिकलेल्या.

उलटी वळवते, तर गाडी जागची हलत नाही. घराच्या दिशेनं— उतार नसतानाही—

बुधवार, २६ मार्च, दुपार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. हँडब्रेक ओढलाय. इथून पुढे नेणार नाही. घेणाऱ्यानं घेतलं नाही, तर ते ट्रेलरवरच राहील. राहू दे. मीच ओढीन जन्मभर, फुकट ओढीन.

बाबांना फोन केला, कशावरही सही करू नका. ते खुशीत होते. म्हणाले, अगं, तुमच्या हिशेबनीसाचा सकाळीच मेसेज आला होता. माल मिळाला म्हणून बटण दाबलं की पोरीचा पगार मोकळा होईल. लगेच दाबलं. तुझे पैसे कशाला अडवायचे?

गाडीला धक्का बसला. आरशात पाहिलं— ट्रेलर वर आला. पाटे सरळ. पट्टे फळ्यांवर, सैल.

नंतर

बाबा खुर्चीतून उठेनात. आई आणि मी, दोन्ही हातांनी— जागचे हलत नाहीत. ते हसून म्हणताहेत, की पाठीचं जुनं दुखणं, घाबरू नकोस. दम लागतोय त्यांना. बोलताना छातीतून फळ्या करकरल्यासारखं—

मालकांना फोन लावला. म्हणतात, माल पोहोचला, विषय संपला. आणि पगार जमा झालाय. पूर्ण. एक पैसाही कापला नाही त्या—

पट्टे आणलेत. छताच्या तुळईवरून टाकून बाबांना वर ओढून बघते. आई ओरडतेय, खुर्चीचे पाय फरशीत— आधी फरशी, मग— बाबा, माझा हात सोडा, मला पट्टा— सोडू नका, सोडू न—