व्हिटॅमिनची बाटली

दि. २ जून

ती. ताईस,
सा. न.

गोळ्या पोचल्या. बाटलीवरचं व्हिटॅमिनचं लेबल बघून हे म्हणाले, ताईंसारखी माया कुणाची नाही. मी आपली खाली मान घालून हसले. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी मला डायबेटिस आहे हे सांगायची छाती होत नाही गं. सासूबाई त्यानंच गेल्या. लग्न ठरताना तूच म्हणालीस, आत्ता बोलू नकोस. ते ‘आत्ता’ काही संपेना.

आता खरी बातमी. तुझी ढबू वाळली! दीड महिना दर आठवड्याला वजनाचं इंजेक्शन घेतेय, सात किलो उतरले. डॉक्टरांनीच दिलंय, गुडघ्यांसाठी. शिवणाच्या कारखान्यातल्या मालकीणबाई म्हणतात, कापड राहू दे, आधी तुझं माप घेऊ. डॉक्टरांनी साखरही तपासली, नॉर्मल निघाली. तुझ्या गोळ्यांची कृपा! आणखी काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं, पण हे शेजारीच बसलेले. मी सांगितलं, फक्त व्हिटॅमिन.

भूक मात्र पार मेलीय. दुपारी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. उकाड्यानं असेल.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ढबू


दि. ७ जून

चि. ढबूस,
अनेक आशीर्वाद.

अगं कार्टे, उकाडा कसला! साखर उतरतेय तुझी. माझी गोळी साखर खाली ओढते, ते इंजेक्शनही ओढतं, आणि वर तू जेवत नाहीस. औषधाच्या दुकानात बसून मी दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडते, चालू असलेलं सगळं डॉक्टरांना सांगा म्हणून. आणि माझ्याच घरात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एकटी जा, पण खरं सांग. ते गोळी कमी करतील नाहीतर बंद करतील. थरथर सुटली की लगेच साखरपाणी पी.

फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन एकच, तोही मेहुणे उचलतात. शिवाय चिठ्ठीशिवाय, दुसऱ्याच लेबलखाली मी गोळ्या देते हे बाहेर फुटलं, तर माझं लायसन्स जाईल. म्हणून पत्र.

जिवाला जप. बाकी भांडण भेटल्यावर.
ताई


दि. १२ जून

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

वाईट कळवायचं आहे. मंगळवारी ही कामावर कटिंगच्या टेबलाशी कोसळली. दवाखान्यात साखर फार कमी निघाली. सलाइन लावल्यावर शुद्धीवर आली. औषधं विचारली, तेव्हा मी इंजेक्शन आणि व्हिटॅमिन सांगितलं. खाणंपिणं वाढवा म्हणाले आणि संध्याकाळी घरी सोडलं.

बुधवारी सकाळी तिला उठवत नव्हतं. अशक्तपणा दिसला, म्हणून तुमच्या बाटलीतल्या एकाऐवजी दोन गोळ्या मी माझ्या हातानं दिल्या. ती नको नको म्हणत होती. मी दटावलं, तशी गप्प गिळल्या. दुपारी परत बेशुद्ध, पुन्हा त्याच दवाखान्यात आणलं. तेव्हापासून डोळे उघडते, पण ओळखत नाही. मेंदूला मार बसलाय म्हणतात. साखर वर आणली तरी पुन्हा का पडली, हे कुणाला उमगत नाही.

तुमचं पत्र आलंय. तिच्या नावाचं आहे, दुसऱ्याचं पत्र फोडायची मला सवय नाही. उशाशी ठेवलंय, उठली की वाचेल.

बरी झाली की ताकदीला बाटली लागेल. आणखी एक पाठवाल का? तुमचा आधार आहे.
आपला मेहुणा


दि. १६ जून

श्री. मेहुण्यांस,
स. न.

तुमचं पत्र हातात असतानाच दवाखान्यात फोन केला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे मंगळवारीच कळायला हवं होतं. त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या नाहीत, साखरेच्या आहेत. सहा वर्षं मी पाठवत आले.

उशाशी ठेवलेलं पत्र फोडा. मी तिला काय लिहिलंय ते वाचा. पोस्टाला चार दिवस लागतात हे माहीत असून फोन का केला नाही, तेही त्यात आहे.

फोन तुम्ही उचलला असता. मी सांगितलं असतं, तर तुम्ही रागावला असता, आणि चप्पल घालून त्याच घटकेला तिला डॉक्टरांकडे नेलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

लोभ मागत नाही.
तिची बहीण