कोरी पट्टी

४ फेब्रुवारी १९९१
रुजू झाले! सुकापूरच्या रस्त्याला एका बंगल्यात प्रयोगशाळा आहे. खाली बाकं, फ्रिज, मागे सशांचे पिंजरे. वर आम्हा दोघींची खोली. महाडच्या गाडीतून उतरले तर डॉक्टर चारुदत्त स्वतः स्टँडवर हजर! माधुरी इथे दोन वर्षांपासून आहे. तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, वर खाटही खिडकीजवळची मलाच दिली. नव्या माणसाचं घेतात तसं माझंही रक्त घेतलं.

१२ फेब्रुवारी
काम आवडतंय. शरीरात पिरिमिडीन नावाची रसायनं मोडणारं एक एन्झाइम असतं. डॉक्टरांनी सशांच्या रक्तातून त्याची अँटिबॉडी मिळवली आहे. एन्झाइम असेल तिथे ती चिकटते आणि पट्टीवर तपकिरी रेघ उमटते. आज एक पट्टी कोरीच राहिली. माझंच चुकलं म्हणून मी घाबरले, पण डॉक्टर भलतेच खुशीत. म्हणाले, अशी माणसं क्वचित सापडतात. एरवी ठणठणीत, फक्त कॅन्सरचं एक औषध त्यांच्या अंगात मोडत नाही, साठत जातं, थोडंसंही विष होतं. रक्त कुणाचं, विचारलं. नावं पाहत नाही म्हणाले. माधुरी मान खाली घालून काचनळ्या धूत राहिली.

२३ फेब्रुवारी
तोंड आलंय. जीभ सोलल्यासारखी, तळहात लालभडक, पाणीसुद्धा झोंबतं. डॉक्टर म्हणतात, उष्णता. माधुरी दोन्ही वेळा पेज भरवते. सख्खी बहीण इतकं करणार नाही. एस.टी.डी.वरून दादाला फोन कर म्हटलं, तर लगेच जाऊन आली. रविवारी येतोय तो.

३ मार्च
रविवार गेला. दादा नाही. उशीवर केसांचे पुंजके. हिरड्यांतून रक्त.
सशांना चारा घालणाऱ्या हौसाबाई डोकावल्या, मला पाहून पदर तोंडाशी नेला. “घरा जा गो बाय, आजच जा. हितं राहू नको.” माधुरीने खालून हाक मारली, तशा गेल्या.

५ मार्च
भिंत धरत जिन्यापर्यंत गेले. खाली माधुरी रडत होती — “सर, केस गेले हो तिचे. पेजेत ते औषध अजून किती घालायचं?”
डॉक्टर शांत. म्हणाले, कोरी पट्टी पुन्हा मिळायची नाही. पेपरवर तुझंही नाव येईल.
तिचं रडं थांबलं.
ते रक्त — माझं. फोन तिने केलाच नाही. केलाच नाही —

६ मार्च
दार बाहेरून लावलंय. घशातून आवाज निघत नाही — खिडकीतून हौसाबाईंना हात केला — पाहिलं का त्यांनी —

७ मार्च
पेज ओतून दिली. कळलं त्यांना.
जिना वाजतोय. दोघंही —
माधुरीचा आवाज. सर, मी हात धरते, तुम्ही भरवा —
कडी काढता—