मैदानाला दार एकच

मी, आनाबेर्दी, वडिलांचे नाव किलिच, वय एकसष्ट, पूर्वीचा व्हॉलीबॉलपटू, राहणार कराताप, गोंबदजवळ, इराण, अल्लाहला स्मरून हे लिहून ठेवतो. फुप्फुसे थकली आहेत, डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारी एकच बाई, ती शेजारी बसून लोकर विंचरते आहे.

१. मिळकतीचे दोन हिस्से शरियतप्रमाणे पत्नी ओगुलबीके व मुलगा यूसुफ यांना जातील. त्यात मी बोट घालत नाही. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर माझा हक्क आहे, खालचे सगळे त्यातले समजावे.

२. माझे गुडघ्याचे पट्टे व बूट गावातल्या मुलींच्या संघाला द्यावेत. आधी धुऊन घ्यावेत, वास मारतात. मोठ्या चषकात ओगुलबीके मीठ ठेवते, तो चुलीपाशीच राहू द्यावा.

३. घरामागचे मैदान, खांब व जाळी मी माझा मेहुणा हालमुराद याला देतो. का, तेही लिहितो, नाहीतर गाव माझ्या माघारी भलतेसलते बोलेल.

आम्ही लहानपणापासून एका संघात. तो चेंडू उचलून द्यायचा, मी मारायचो. डोळे मिटून हात फिरवला तरी चेंडू तिथे असायचा. प्रांताच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटी, समोरच्याचा फटका माझ्या बोटाला लागून बाहेर गेला. पंचाला ते दिसले नाही. त्याने गुण आम्हाला दिला, म्हणजे सामनाही आम्हाला. पोरे नाचू लागली आणि मी हात वर केला, लागला म्हणून. गुण फिरला, पाठोपाठ सामनाही गेला.

कपडे बदलताना हालमुराद एवढेच म्हणाला, "तुझा हात मागितला होता का रे कुणी?"

जिंकलो असतो तर तेहरानचा एक क्लब त्याला घेणार होता. ते बारगळले. आणि घेतले कोणाला? मला! म्हणे माणूस सच्चा आहे. मी शहरात खेळून घर बांधले, त्याने लोकांच्या शेतात ट्रॅक्टर चालवला. तेव्हापासून त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही. ईदला सख्ख्या बहिणीला रस्त्यावर भेटतो, चोरासारखा.

मी माफी मागत नाही. आजही हात वर करीन. पण नाव माझे झाले आणि पोट त्याचे मारले गेले, हे मला कायम टोचले. आणि माझ्यापायी ओगुलबीकेचे माहेर तुटले, ते त्याहून जास्त. यूसुफ परगावी असतो, मी गेल्यावर ती या घरात एकटी उरेल.

४. म्हणून अट अशी: हालमुरादने तिथे रोज संध्याकाळी पोरापोरींना खेळ शिकवावा. मैदानाला तिन्ही बाजूंनी भिंत आहे, दार एकच, आमच्या अंगणातून. भिंतीत नवे दार पाडले तर जागा माझा चुलतभाऊ बायराम याला जाईल, आणि तो तिथे कोंबड्या पाळेल.

हे वाचून दाखवल्यावर ओगुलबीके म्हणाली, "भिंतीवरून उडी मारेल, पण दारातून यायचा नाही. माझाच भाऊ तो!"

मी म्हणालो, "गुडघे बघितलेस का त्याचे? कसली उडी मारतोय!"

ती हसली, मग रुमालाचे टोक दातांत धरून रडली.

५. माझ्या जनाज्याला खांदा देण्याची त्याला कोणी गळ घालू नये. आला तर आला.

६. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्यापुढे त्याची वेगळी चहाची किटली ठेवतात. हालमुरादची, जुन्या घरातली, तोटीचा टवका उडालेली, अजून कोनाड्यात आहे. मी ती दुसऱ्या कोणाला वापरू दिली नाही. ओगुलबीके, तो दारात दिसला की काही विचारू नकोस. किटली भर आणि त्याच्यापुढे ठेव. ज्याच्यावर रागवायचे तो माणूस आता घरात नाही, एवढे त्याला सांग.

सही: आनाबेर्दी (हात कापतो म्हणून वाकडी आहे, पण माझीच आहे)

समक्ष साक्षीदार:
नूरगेल्दी आखुंद, गावच्या मशिदीचे इमाम
साप्पार, शेजारी, घोडेवाला

मुक्काम कराताप, २० मेहर, इराणी सन १४०२