पाहुण्या जंतूंविषयी आक्कास

निपाणी

तीर्थस्वरूप ब्राह्मीआक्कास धाकट्या शांतिनाथचा नमस्कार आणि जयजिनेंद्र.

तुझे गुडघे काय म्हणतात? खासबागेतल्या तुझ्या घराच्या त्या जिन्यावरून सारखी चढ-उतार करू नकोस. (सांगून उपयोग नाही, तरी लिहायची पद्धत आहे.)

गेल्या महिन्यात फोनवर "जित्ते जंतू पोटात घालून मारायचे, असलं आपल्यात चालत न्हाय," म्हणून तू जो अबोला धरलास तो धरलास, म्हणून माझी बाजू लिहून कळवतो. माझ्या मूत्राशयातली कॅन्सरची गाठ डॉक्टरांनी खरवडून काढली. ती परत उगवू नये म्हणून क्षयाच्या लशीतले दुबळे केलेले जंतू नळीने आत सोडतात. मुख्य काम मात्र जंतूंचं नाहीच. आपल्या रक्तातल्या राखणदार पेशी गाठीला इतके दिवस घरचीच समजून गप्प होत्या. अनोळखी जंतू दिसले की त्या खडबडून जाग्या होतात, त्यांतल्या लिंफोसाइट नावाच्या पेशी बाकीच्यांना हाका मारतात आणि त्या धावपळीत गाठीचं उरलंसुरलंही सापडतं. गल्लीतली कुत्री परक्यावर भुंकायला लागावीत आणि माळ्यावरचा चोर हाती लागावा, तसं. यात हिंसा झालीच तर ती पेशींनी केली. मी फक्त लघवी दाबून या कुशीवरून त्या कुशीवर होत होतो.

घोटाळा झाला तो नंतर. लघवीतून जंतू बाहेर पडले की ते मरावेत म्हणून संडासात ब्लीचिंगचं पाणी ओतून ठेवायचं असतं. ते ओतणार कोण? पाणी दोनदा गाळणारी तुझी भावजय बादलीला हात लावेना. सून दीप्ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, पण तीही (चातुर्मास म्हणून) मागं सरली. माझा तर धीरच होईना. शेवटी शेजारच्या नागोजीला हाक मारली. "सरा अण्णा, ओततो मी. माझ्या देवाला चालतंय," म्हणाला आणि ओतून मोकळा झाला. आजार कुणाला कळू द्यायचा नाही असं आमचं ठरलं होतं. संध्याकाळी तंबाखूच्या वखारीत जो तो माझ्या लघवीची चौकशी करत होता.

तरी तू थोरली आहेस. तुझा होकार आल्याशिवाय पुढचा डोस घेणार नाही, हे नक्की.

तुझा
शांतिनाथ

ता. क. होकाराची घाई नाही. तुला कळला तोच शेवटचा डोस होता, पुढचा आता नाहीच.

आणखी एक. सोमवारी बेळगावात दुर्बीण घालून गाठ परत उगवलीय का ते बघणार आहेत. घरात मी हसून दाखवतो, पण आक्का, मला लई भ्या वाटतंय. बाकीचे मला धीर देतात आणि आत जाऊन रडतात. तू ये आणि मला नुसती रागाव.